अठ्ठ्याण्णव दाखवत होतं, भाऊ

प्रिय भाऊ,

आज मी एकटीच जाऊन फुंकून आले. जळगावचा तोच दवाखाना, तीच खोली, तोंडात श्वास मोजायची तीच जाड नळी. दरवर्षी तू बाहेरच्या बाकावर बसायचास, आणि आतून "फुंका, फुंका, अजून फुंका" असा आवाज आला की तूही तिथं गाल फुगवून फुंकायचास. हे मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं होतं. त्यावरून मी तुला किती चिडवलंय! यंदा बाकावर माझी पर्स ठेवली होती.

रिपोर्ट चांगला आलाय. आजवरच्या सगळ्या रिपोर्टांत चांगला. डॉक्टर खूश झाले आणि मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. भाऊ जाऊन वर्ष होत आलंय आणि बहिणीचं फुफ्फुस बाळसं धरतंय. कुणाला सांगायचं हे कौतुक? धुळ्याला घरी फोन लावला, हेमंतला फक्त "ठीक आहे" म्हटलं आणि ठेवून दिला. म्हणून तुलाच लिहायला बसले.

असोद्याच्या आपल्या ओट्यावर बसलेय. ऊन पाठीवर आहे. पलीकडच्या शेतात कुणीतरी कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजतंय, त्याचा धूर इकडेच वळला. मी वाट बघत बसले, कुणीतरी माझी खुर्ची हलवेल म्हणून. मग लक्षात आलं, आणि मीच उठून सरकवली.

तुला आठवतं का, मला 'फुगी' हे नाव कसं पडलं ते? मी जन्मले तेव्हा माझ्या डाव्या फुफ्फुसाचा वरचा तुकडा बिघडलेला होता. हवा आत जायची, बाहेर यायची नाही. आई-आबा मला घेऊन मुंबईला पळाले आणि तुला सावद्याला मामाकडे सोडलं. तू जेमतेम पहिलीत. मोठ्यांच्या बोलण्यातून तुझ्या कानावर पडलं, बाळाच्या छातीत फुग्यासारखं फुगलंय, कापून काढावं लागेल. तुला वाटलं बहिणीनं फुगा गिळला. मामाच्या दारात येणाऱ्या फुगेवाल्यावर तू दगड भिरकावलास आणि मामाचा मार खाल्लास. हे सांगताना तू स्वतःच पोट धरून हसायचास, म्हणून आम्हीही हसायचो.

सावद्याला तुला टायफॉइड झाला होता हे मात्र तू मला मी कॉलेजात गेल्यावर सांगितलंस. तेही सहज, केळीचा घड मोटरसायकलला बांधता बांधता. मामीनं मुंबईला कळवलंच नव्हतं, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला म्हणून. मी विचारलं, "मग रडला नाहीस?"

तू म्हणालास, "कोणापाशी रडू? सगळे तुझ्यापाशी होते ना."

आणि दोरीची गाठ आवळलीस. मी काय म्हटलं असेन त्यावर? मला आठवतंय, सांगते. मी म्हटलं, "घड नीट बांध, मागच्या वेळी पडला होता."

आपल्या घरात सगळ्यांची नजर माझ्या छातीवर होती, भाऊ. डॉक्टरांनीच सांगितलं होतं तसं. फुफ्फुसाचा तुकडा काढलेलं लेकरू वरून धडधाकट दिसतं, उरलेलं फुफ्फुस वाढतं, जागा भरून काढतं, पण नजर ठेवा. वजन वाढतंय का बघा, पाठीचा कणा एका बाजूला झुकतोय का बघा, सर्दी छातीत उतरू देऊ नका, धुरापासून लांब ठेवा. आपल्या घरानं हे डोळ्यांत तेल घालून पाळलं. मी शिंकले तरी आबा मोटरसायकल बाहेर काढायचे. तू शिंकलास तर आई म्हणायची, "त्याले काय व्हतं? तो तं दगड हाये."

तुला ते आवडायचं. दगड म्हटलं की तू छाती पुढे काढून चालायचास. मीही म्हणायचे, "आमचा भाऊ म्हणजे दगड." लग्नातसुद्धा वहिनीला हेच सांगितलं मी. ती पारोळ्याची, साधी पोर, तिनं खरंच मानलं.

पण दगड नव्हतास रे. हिवाळ्यात भरिताची पार्टी असली की शेतात पोचल्याबरोबर तू पहिली चिमूटभर माती उचलायचास आणि हवेत सोडून बघायचास, वारा कुठून येतो ते. मग माझी बाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाकायचास आणि जाळ खालच्या अंगाला. मधेच वारा फिरला तर वांगी तशीच टाकून माझ्याकडे यायचास, बाजेचं एक टोक उचलायचास. पाव्हण्यांची वांगी करपली तरी चालायची. दगड असं करतो का?

सायकलही तूच शिकवलीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पोरीला पळू द्या, खेळू द्या, त्यानं फुफ्फुसाला बळ येतं. पण आईला ते कानावर घ्यायचंच नव्हतं. तू मला शाळेमागच्या मोकळ्या जागेत नेलंस आणि मागचा कॅरिअर धरून पळत राहिलास. मला दम लागला की तू थांबायचास आणि म्हणायचास, "थांब, मलाच दम लागला." घरी कळलं तेव्हा आईनं तुला लाटण्यानं बडवलं. मी दाराआडून बघत होते. बाहेर येऊन एक शब्द बोलले नाही.

माझ्या स्थळाच्या वेळी तर कमालच केलीस. हेमंतची माणसं पोहे खात होती, आणि तू सगळ्यांसमोर सांगून टाकलंस, "मुलीचं डावं फुफ्फुस थोडं कमी आहे, पाठीवर शिवणीचा व्रण आहे. राग मात्र पुरेपूर आहे, त्यात काहीच कमी नाही." आईचा चेहरा पांढराफटक पडला. हेमंत हसला आणि लग्न ठरलं. एवढं सगळ्यांना मोकळेपणी सांगता येत होतं तुला. स्वतःचं तेवढं कधी आलं नाही सांगता.

आता आबांचं बोलते. हे बोलायला मला फार जड जातंय.

आबा केळीच्या बागेतच वारले तेव्हा मी नववीत होते. सकाळी छाती चोळत म्हणाले, "गॅस झालाय," सोडा प्यायले आणि शेतात गेले. पन्नाशीही नव्हती आली त्यांची. दारावर बसायला आलेली माणसं म्हणाली, "पोरीच्या काळजीनं गेला बिचारा." मी तिथंच बसले होते, ओढणी तोंडात कोंबून. मला ते पटलं. आईला पटलं. तुलाही पटलं असणार, कारण तू डिप्लोमा सोडून शेत हातात घेतलंस आणि माझ्या दवाखान्याची एकही तारीख चुकू दिली नाहीस. आबांना काय झालं होतं, हे कुणी डॉक्टरला विचारलंच नाही. कशाला विचारायचं? आमच्याकडे उत्तर होतं ना. मीच होते ते उत्तर.

मग ऑक्सिजन मोजायचं ते बोटाचं यंत्र आलं. करोनात तूच आणून दिलंस, धुळ्याला, नाक्यावरच्या पोलिसांच्या हातापाया पडून. रोज सकाळी तुझा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच शब्द, "किती?" मी म्हणायचे, "शहाण्णव," आणि तू ठेवून द्यायचास. करोना गेला पण आपल्या घराची सवय गेली नाही. असोद्याला दुसरं यंत्र आलं. ताप आला, लावा बोटाला. जुलाब झाले, लावा बोटाला. तुझी गार्गी अभ्यासाला बसत नाही, लावा बोटाला. म्हशीच्या खुराला लावायचं तेवढं राहिलं होतं. पंच्याण्णवच्या वर दिसलं की घर पुन्हा कामाला लागायचं.

गेल्या हिवाळ्यातला तो रविवार. हेमंतच्या ऑफिसातली माणसं भरीत खायला धुळ्याहून आली होती. तू सकाळपासून राबत होतास. माती उडवून झाली, माझी खुर्ची लावून झाली, वांगी भाजून, सोलून झाली, आणि काठवटीत मुसळीनं ठेचायला बसलास. मिरची, लसूण, कांद्याची पात, वरून शेंगदाणे. मग ते सगळं वहिनीच्या हातात दिलंस आणि माझ्याशेजारी येऊन खाली मातीत बसलास. थंडीचे दिवस, आणि तुझ्या मानेवरून घाम वाहत होता.

"फुगे, छातीत जळजळतंय गं. डावा हातही भरून आलाय."

मी काय म्हटलं ते शब्दन् शब्द लिहिते, कारण ते खाली ठेवायला मला दुसरी जागा नाही. मी म्हटलं, "मग किती ठेचायचं माणसानं? आणि सकाळपासून धूर काय कमी खाल्लास?" पर्समधून यंत्र काढलं, तुझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. मी ते तुझ्या डोळ्यांसमोर धरलं. "हे बघ, अठ्ठ्याण्णव. माझं आलंय का कधी एवढं? नाटकं करू नको, ऊठ, पाव्हणे ताटावर बसलेत."

तू आकडा बघितलास. तुझ्या चेहऱ्यावर खरंच बरं वाटल्यासारखं दिसलं. म्हणालास, "पास झालो म्हणजे," आणि गुडघ्यावर हात देऊन उठलास.

तू सगळ्यांना वाढलंस. स्वतः जेवला नाहीस, हेही मी बघितलं होतं. "मोटर बंद करून येतो," म्हणून केळीत शिरलास. बऱ्याच वेळानं वहिनी ताक घेऊन तुला शोधायला गेली, आणि तिची हाक आली.

गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. हेमंत गाडी हाणत होता. आणि मी काय करत होते सांगू? तुझ्या बोटाला यंत्र लावत होते. आकडा येत नव्हता, नुसत्या रेघा येत होत्या. मी ते झटकलं, माझ्या बोटाला लावून बघितलं, पुन्हा तुझ्या लावलं. मला वाटलं सेल संपले.

माझ्यासाठी हे घर दोन महिन्यांचं लेकरू घेऊन मुंबईपर्यंत गेलं होतं. तुझ्यासाठी जळगाव गाठायचं होतं, भाऊ. असोद्याहून जळगाव. पोरं पिक्चर बघायला सहज जातात एवढं जवळ, आणि तेवढंही जमलं नाही.

सगळे म्हणतात, तुझा काय दोष, तू काय डॉक्टर आहेस? नाही मी डॉक्टर. पण जन्मापासून दवाखान्यातच वाढलेय मी. श्वासाबद्दल मला कुणी काही शिकवू नये एवढं मला कळतं. ते यंत्र रक्तातली हवा मोजतं, हृदयाच्या नळीत गाठ अडकलीय का ते त्याला दिसत नाही, एवढी साधी गोष्ट मला कळायला नको होती? माझ्या लेखी छातीचं दुखणं म्हणजे फुफ्फुस, आणि फुफ्फुस म्हणजे मी. छातीवरसुद्धा मी तुला हक्क सांगू दिला नाही.

आणि तूही, भाऊ. मला तुझा रागही येतो, खोटं कशाला बोलू? एका आकड्यावर कसा गप्प बसलास? एकदा तरी आदळायची होतीस ती काठवट. म्हणायचं होतंस, मरू दे तुझे पाव्हणे, मला दवाखान्यात ने. आम्ही धावलो असतो रे. पण तुला लहानपणीच कळलं होतं, या घरात दुखणं कुणाचं चालतं ते. आम्हीच शिकवलं होतं तुला.

आज डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि विचारलं, "भाऊ नाही आले यंदा?" मी सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग विचारलं, "वडील कशानं गेले होते?"

मी म्हटलं, "माझ्या काळजीनं."

ते म्हणाले, "ताई, काळजीनं सगळं घर थकतं, पण बाप आणि मुलगा दोघं पन्नाशीच्या आत छाती धरून जातात, त्यात रक्ताचा वाटा असू शकतो. घरात बाकीच्यांचं रक्त तपासलंत का? भावाच्या मुलीचं? तुमचं स्वतःचं?"

माझं? माझ्या छातीचे एवढे फोटो निघालेत की भिंत भरेल. पण हे कधी बघितलंच नव्हतं. ते म्हणाले, जन्माचा दोष असलेल्या माणसानं आयुष्यभर तपासत राहावं, ते तुम्ही नेमानं करता. पण उरलेलं शरीरही तुमचंच आहे, आणि घरात बाकीची माणसंही आहेत. बोलणं साधंच होतं. मी पदरानं तोंड पुसत बाहेर आले.

आबांच्या मरणाचं ओझं त्यांनी माझ्या डोक्यावरून उतरवलं असेल. पण मग तुझं जास्तच जड झालं. आबा गेले तेव्हाच कुणी हे विचारलं असतं तर तुझं रक्त तपासलं गेलं असतं. मला दोष देणं सोपं होतं, आणि मलाही तो दोष घेऊन बसणं सोपं होतं.

घरी येऊन मी सांगितलं, सोमवारी गार्गीला न्यायचंय. आई भडकलीच. "एका पोरीपायी जलम गेला माहा दवाखान्यात. आता तिले नको लावू त्या पायऱ्यांले." वहिनीही तिच्या अहिराणीत म्हणाली, "मनी पोर धडधाकट शे, ताई. तिले कसाले सुया?" मला हसू आलं आणि रडूही आलं. धडधाकट. दगड. तेच सगळं पुन्हा.

मी भांडले असते, तू ओळखतोस मला. पण तेवढ्यात गार्गी शाळेतून लंगडत आली. शनिवारची अर्धी शाळा, खो-खोत पडली होती. दारातूनच म्हणाली, "आजी, दुखतंय." आई लगबगीनं उठली, फडताळातून यंत्र काढलं आणि पोरीचं बोट धरलं.

गार्गी म्हणाली, "आजी, बोट नाही गं. पाय."

आईनं बोट सोडलं. मग यंत्र मुठीत धरून हळूहळू खाली बसली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यालेबी असंच लावलं व्हतं ना आपण?"

लावलं मी होतं, भाऊ. आई त्या वेळी शेतात नव्हतीच, घरी पुऱ्या तळत होती. तरी ती तसं म्हणाली. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि ठेवलं.

वहिनी चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिकडूनच म्हणाली, "सोमवारले बठ्ठाच जाऊत. आईले बी लई जाऊत." आईसकट सगळ्यांनीच जायचं, हे ऐकल्यावर आई काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे येणार, हे तुला माहीतच आहे.

मग मी गार्गीपाशी जाऊन बसले. विचारलं, "कुठं दुखतंय? दाखव." तिनं घोटा दाखवला. मग कुणी ढकललं ते सांगितलं, बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, ढकलणारीनं माफी कशी मागितली नाही ते सांगितलं, आणि पुन्हा घोट्यावर आली. तुझी पोर आहे पण बोलण्यात माझ्यावर गेलीय. मी मधे एक शब्द बोलले नाही. तिचं पार संपेपर्यंत ऐकलं. पाय काही मोडलेला नव्हता. तिला फक्त सांगायचं होतं.

म्हणून कबूल करते तुला. सोमवारी आम्ही चौघी उपाशीपोटी जळगावला जाणार, रक्त देणार, आणि जे निघेल त्यावर नजर ठेवणार. यंदाच नाही, दरवर्षी, जशी तू माझी तारीख पाळलीस तशी गार्गीची मी पाळीन. ती आत असेल तेव्हा बाहेरच्या बाकावर मी बसेन. आणि या घरात कुणी दुखतंय म्हणालं, दगडासारखं माणूस असलं तरी, आकडा बघायच्या आधी मी विचारीन, कुठं? आणि ते सांगून होईपर्यंत जागची हलणार नाही, पाव्हणे ताटावर बसले असले तरी.

तुला विचारायचं राहिलं होतं, भाऊ. आता विचारते. कुठं दुखत होतं?

तुझीच,
फुगी